शरीरात धातू असताना एमआरआय: काय तपासावे, काय सांगावे

एमआरआय यंत्राचा गाभा म्हणजे एक प्रचंड ताकदीचे चुंबक. रुग्णालयांत प्रामुख्याने 1.5 टेस्ला आणि 3 टेस्ला क्षमतेची यंत्रे असतात. 1.5 टेस्लाचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे 30 हजार पट तीव्र असते. म्हणूनच ज्यांच्या शरीरात शस्त्रक्रियेने प्लेट, स्क्रू, कृत्रिम सांधा, स्टेंट, क्लिप किंवा पेसमेकर बसवलेला आहे, त्यांना एमआरआय सांगितला की पहिली शंका धातूची येते. 'धातू आहे, तेव्हा एमआरआय नकोच' हे या शंकेचे उत्तर नव्हे आणि 'आजकाल काही होत नाही' हेही नव्हे. हल्ली बसवल्या जाणाऱ्या बहुतेक इम्प्लांटसह एमआरआय करता येतो. काहींसह तो ठरावीक अटी पाळूनच करता येतो. थोड्या वस्तू मात्र अशा आहेत की त्या अंगात असताना एमआरआयच्या खोलीत पाऊलही ठेवू नये. आपले इम्प्लांट यांपैकी कोणत्या गटातले, हे अंदाजाने नव्हे तर त्याच्या कंपनीवरून, मॉडेलवरून आणि ते शरीरात कुठे बसवले आहे यावरून ठरते.

यंत्रात धातूचे काय होते

एमआरआयमध्ये तीन प्रकारची क्षेत्रे एकाच वेळी वापरली जातात आणि प्रत्येकाचा धोका वेगळा असतो.

पहिले स्थिर चुंबकीय क्षेत्र. ते लोखंडासारख्या लोहचुंबकीय धातूंना जोराने ओढते आणि त्यांना आपल्या दिशेत फिरवू पाहते. ओढ सर्वांत जास्त यंत्राच्या तोंडाशी असते. पिळण्याचा जोर बोगद्याच्या मध्यभागी जास्त असतो. हे क्षेत्र चाचणी चालू असतानाच असते, असा एक घातक गैरसमज आहे. अतिवाहक चुंबक रात्री, सुट्टीच्या दिवशी, पडद्यावर काहीही दिसत नसतानाही पूर्ण ताकदीने काम करत असते. ते तातडीने बंद करायचे तर आतील द्रव हेलियम बाहेर सोडून द्यावे लागते आणि तो मार्ग केवळ जिवावर बेतलेल्या प्रसंगासाठी राखलेला असतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेल्या एका तरुण नातेवाइकाने ऑक्सिजनचे सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेले. यंत्राने ते खेचून घेतले आणि त्या दुर्घटनेत त्याचा मृत्यू झाला. रुग्णाइतकीच सोबतच्या माणसाचीही तपासणी का करावी लागते, ते या घटनेवरून कळते.

दुसरे ग्रेडियंट क्षेत्र. ते क्षणाक्षणाला बदलते. चाचणीतला ठकठक आवाज त्यामुळेच येतो. बदलत्या क्षेत्रामुळे लांब तारांमध्ये वीजप्रवाह निर्माण होऊ शकतो. साध्या स्क्रूला त्याचे काही वाटत नाही, पण हृदयाला किंवा मज्जातंतूला जोडलेल्या तारेसाठी हीच बाब महत्त्वाची ठरते.

तिसऱ्या रेडिओ लहरी. त्यांची ऊर्जा शरीरात शोषली जाते आणि धातूच्या टोकांशी उष्णता साठू शकते. लांब, बारीक, टोके उघडी असलेल्या तारा आणि धातूची बंद वेटोळी यांत हा धोका अधिक. धातूची लांबी आणि लहरींची लांबी यांचा मेळ बसला की तापणे वाढते. 1.5 टेस्ला आणि 3 टेस्ला यंत्रांतील रेडिओ लहरींची वारंवारता वेगळी, अनुक्रमे सुमारे 64 आणि 128 मेगाहर्ट्झ असते. त्यामुळे एखादे इम्प्लांट 3 टेस्लावर तपासून सुरक्षित ठरले म्हणजे ते 1.5 टेस्लावर आपोआप सुरक्षित ठरते, असे नाही. दोन्ही क्षमतांसाठी वेगवेगळी चाचणी झालेली असावी लागते.

या तिन्हींखेरीज चौथी अडचण म्हणजे चित्र बिघडणे. धातूच्या आसपास प्रतिमेत काळे डाग आणि विकृती येते. यात रुग्णाला इजा होत नाही, पण नेमका पाहायचा भाग झाकला गेला तर चाचणीचा हेतूच फसतो.

लेबलवरील तीन खुणा

वैद्यकीय साधनांवर एमआरआयविषयी कोणती खूण असावी, याचे मानक एएसटीएम या संस्थेने 2005 मध्ये ठरवले. हिरव्या चौकोनातील 'एमआर सेफ' म्हणजे कोणत्याही एमआरआय यंत्रात धोका नसलेली वस्तू. प्लॅस्टिक, सिलिकॉन अशा विद्युत् अवाहक पदार्थांच्या वस्तू यात येतात. पिवळ्या त्रिकोणातील 'एमआर कंडिशनल' म्हणजे दिलेल्या अटींमध्ये सुरक्षित. लाल वर्तुळात तिरपी रेघ असलेली 'एमआर अनसेफ' ही खूण असेल तर ती वस्तू खोलीत न्यायचीच नाही.

धातूचे जवळजवळ प्रत्येक इम्प्लांट, अगदी टायटॅनियमचेही, पिवळ्या गटात येते. त्यामुळे कार्डावर 'कंडिशनल' शब्द दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही; त्यापुढच्या अटी वाचायच्या असतात. त्या साधारणपणे अशा असतात: यंत्र किती टेस्लाचे असावे, शरीरात रेडिओ ऊर्जा किती प्रमाणात शोषली जावी, चाचणी सलग किती मिनिटे चालावी आणि शरीराचा कोणता भाग यंत्राच्या मध्यभागी येऊ नये. ऊर्जेच्या शोषणाला 'सार' म्हणतात. नेहमीच्या चाचणीत संपूर्ण शरीरासाठी त्याची मर्यादा दर किलोला 2 वॉट असते. जुन्या कागदांवर 'एमआरआय कम्पॅटिबल' असा मोघम शब्द आढळतो. त्यावर अटी लिहिलेल्या नसतील तर तेवढ्यावर विसंबू नये. कंपनीची माहिती पुन्हा तपासून घ्यावी.

हाडे आणि सांधे

गुडघा किंवा खुबा बदलताना वापरलेले सांधे, हाडांतील रॉड, प्लेट, स्क्रू आणि मणक्यातील साधने मुख्यतः टायटॅनियमच्या मिश्रधातूची, कोबाल्ट-क्रोमची किंवा शस्त्रक्रियेसाठीच्या खास स्टेनलेस स्टीलची असतात. हे धातू लोहचुंबकीय नसतात किंवा अत्यल्प असतात. शिवाय ती साधने हाडात पक्की रुजलेली असतात. ती जागची हलण्याचा धोका नगण्य असल्याने असे रुग्ण रोज एमआरआय करून घेतात.

इथे खरी अडचण चित्राची असते. टायटॅनियममुळे प्रतिमा कमी बिघडते, कोबाल्ट-क्रोम आणि स्टीलमुळे जास्त. धातूजवळचाच भाग पाहायचा असेल तर 3 टेस्लापेक्षा 1.5 टेस्लाचे यंत्र बहुधा सरस ठरते, कारण क्षेत्र जितके तीव्र तितकी विकृती अधिक. धातूमुळे होणारा बिघाड कमी करणाऱ्या खास पद्धतीही उपलब्ध आहेत. म्हणून चाचणीची वेळ घेतानाच 'उजव्या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे' असे सांगावे. केंद्राला योग्य यंत्र आणि योग्य पद्धत आधीच ठरवता येते.

अंगाबाहेर बसवलेल्या चौकटींची गोष्ट निराळी. मोडलेल्या हाडासाठीचे एक्स्टर्नल फिक्सेटर किंवा इलिझारोव्हच्या रिंगा यांत दांडे आणि तारा मिळून बंद वेटोळी तयार होतात आणि ती तापू शकतात. काहींचे सुटे भाग लोहचुंबकीयही असतात. अशा रुग्णाचा एमआरआय त्या मॉडेलची लेखी माहिती पाहिल्याशिवाय करू नये.

स्टेंट आणि झडपा

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवले जाणारे स्टेंट हे एमआरआय टाळण्याचे कारण नाही. स्टेंट बसल्यावर सहा आठवडे थांबावे लागते, हा समज जुना आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार तपासून मान्य झालेल्या कोरोनरी स्टेंटसह 3 टेस्लापर्यंतच्या यंत्रात एमआरआय अँजिओप्लास्टीनंतर केव्हाही करता येतो. कृत्रिम झडपांबाबतही हेच. धडधडणाऱ्या हृदयाचा झडपेवर जो दाब पडतो, त्यापुढे चुंबकाची ओढ फारच किरकोळ असते.

सहा आठवड्यांचा नियम खरा होता तो किंचित लोहचुंबकीय असलेल्या काही कॉइल आणि फिल्टरांसाठी, म्हणजे भोवतीच्या ऊतींनी वस्तू घट्ट धरून ठेवेपर्यंत. तो सरसकट सगळ्यांना लावला की गरजेची चाचणी विनाकारण लांबते.

पेसमेकर आणि आयसीडी

एके काळी पेसमेकर असलेल्या माणसाला एमआरआयची दारे पूर्ण बंद होती. एमआरआयसाठी खास बनवलेल्या पेसमेकरला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये प्रथम मंजुरी दिली आणि चित्र पालटले. मात्र पेटी आणि तारा हे दोन्ही मिळून एक यंत्रणा बनते. नव्या पेटीला जुन्या तारा जोडलेल्या असतील तर ती यंत्रणा 'कंडिशनल' राहत नाही. छातीत वापराबाहेर पडलेली जुनी तार तशीच ठेवली असेल किंवा तार हृदयाच्या बाहेरून शिवलेली असेल, तर धोका वाढतो. तारा नुकत्याच बसवल्या असतील तर बहुधा सहा आठवडे थांबण्याचा सल्ला दिला जातो.

जुन्या पेसमेकरच्या रुग्णांसाठीही आता सरसकट नकार उरलेला नाही. 2017 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमआरआयसाठी न बनवलेले पेसमेकर असताना 1,000 आणि आयसीडी (हृदयाची लय बिघडल्यास झटका देणारे यंत्र) असताना 500 चाचण्या 1.5 टेस्लाच्या यंत्रात झाल्या. छातीचा एमआरआय त्यातून वगळला होता. चाचणीदरम्यान एकही मृत्यू झाला नाही, एकही तार निकामी झाली नाही. ज्या एका आयसीडीची पेटी लगेच बदलावी लागली, तिचे प्रोग्रॅमिंग चाचणीआधी ठरल्याप्रमाणे झालेले नव्हते. या अभ्यासाने दाखवून दिले ते हे की सुरक्षितता पूर्वतयारीत असते.

ही तयारी अशी असते. हृदयरोगतज्ज्ञ चाचणीपूर्वी पेसमेकर तपासतो, त्याची बॅटरी आणि तारांची स्थिती पाहतो आणि तो एमआरआयच्या मोडवर ठेवतो. आयसीडी असेल तर झटका देण्याचे काम तेवढ्यापुरते बंद केले जाते. चाचणी चालू असताना हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजनची पातळी सतत पाहिली जाते. डिफिब्रिलेटर जवळ सज्ज असतो. चाचणी संपताच सेटिंग पूर्ववत केली जाते. हे शेवटचे काम होईपर्यंत, विशेषतः आयसीडीचा झटका पुन्हा सुरू होईपर्यंत, रुग्णाने केंद्र सोडून जाऊ नये.

मेंदू, कान आणि डोळा

मेंदूतील रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यावर लावलेली क्लिप हा सर्वांत काळजीचा विषय. आजच्या क्लिपा टायटॅनियमच्या किंवा लोहचुंबकीय नसलेल्या मिश्रधातूच्या असतात. जुन्या काही क्लिपा तशा नव्हत्या. अशी एक लोहचुंबकीय क्लिप चुंबकीय क्षेत्रात फिरल्याने रुग्ण दगावल्याची नोंद 1993 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. क्लिपची कंपनी आणि मॉडेल लेखी मिळाल्याखेरीज चाचणी होऊ नये. 'मागे एकदा एमआरआय केला होता, काही झाले नाही' हा पुरावा पुरेसा नाही. त्या वेळी यंत्र कमी ताकदीचे असेल किंवा क्लिप वेगळ्या कोनात असेल.

डोक्यातील पाणी वळवण्यासाठी शंट बसवलेला असेल आणि त्याची झडप चुंबकाने जुळवता येणारी असेल, तर एमआरआयमुळे तिची सेटिंग बदलू शकते. चाचणी करता येते, पण नंतर लगेच सेटिंग तपासून घ्यावी लागते. त्यासाठी न्यूरोसर्जनची वेळ आधीच ठरवून ठेवावी.

पार्किन्सनसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले असतील तर फक्त ठरावीक अटींतच एमआरआय करावा. कमरेच्या एमआरआयमुळेही अशा रुग्णाच्या मेंदूतील इलेक्ट्रोडपाशी कायमची इजा झाल्याची नोंद आहे. त्यामुळे चाचणी पायाची असो की पाठीची, शरीरातील प्रत्येक इम्प्लांट सांगायलाच हवे.

कॉक्लिअर इम्प्लांटच्या आतल्या भागात चुंबक असते. काही मॉडेलमध्ये ते फिरते असल्याने 3 टेस्लापर्यंत चाचणी शक्य होते, काहींमध्ये डोक्याला घट्ट पट्टी बांधावी लागते, तर काहींमध्ये छोट्या शस्त्रक्रियेने चुंबक आधी काढावे लागते. कानामागचा बाहेरचा प्रोसेसर आणि साधी श्रवणयंत्रे खोलीबाहेरच काढून ठेवायची असतात.

डोळ्यातील मोतीबिंदूची लेन्स निर्धोक असते. धोका असतो तो नकळत शिरलेल्या लोखंडाच्या कणाचा. लेथवर, ग्राइंडिंगवर, वेल्डिंगवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात वर्षानुवर्षे असा कण राहू शकतो. तो हलून डोळ्यात रक्तस्राव झाल्याचे प्रकरण 1986 मध्येच नोंदले गेले आहे. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत राबलेल्या, डोळ्यात कधी कण गेलेल्या प्रत्येकाने हे फॉर्मवर लिहावे. डोळ्यांचा एक साधा एक्स-रे काढून शंका फेडता येते. अंगात बंदुकीची गोळी किंवा छर्रे राहिले असतील तर तेही सांगावे.

इतर वस्तू

दातांतील चांदी, सिमेंट, कॅप आणि टायटॅनियमचे दंतरोपण यांमुळे धोका नसतो. दात सरळ करण्याच्या तारांमुळे मात्र चेहऱ्याचे आणि मेंदूचे चित्र बिघडू शकते. काढता येणारी कवळी बाहेर ठेवावी. पित्ताशय काढताना लावलेल्या टायटॅनियमच्या क्लिपा चालतात. दुर्बिणीच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेतील रिंग सिलिकॉनची असल्याने तीही चालते. गर्भनिरोधक तांबी असताना एमआरआय करता येतो, पण केंद्राला तसे सांगावे.

स्तनाच्या पुनर्रचनेसाठी तात्पुरते बसवलेल्या काही एक्सपांडरमध्ये चुंबकीय झडप असते. त्यांवर स्पष्ट मनाई आहे. आतड्याच्या तपासणीसाठी गिळलेली कॅमेऱ्याची कॅप्सूल शरीराबाहेर पडेपर्यंत एमआरआय करू नये. एंडोस्कोपीत रक्तस्राव थांबवण्यासाठी लावलेल्या काही क्लिपाही मना असतात, म्हणून अलीकडे एंडोस्कोपी झाली असेल तर तो कागद दाखवावा. इन्सुलिन पंप आणि साखर मोजणारा सेन्सर काढून ठेवावा लागतो. औषधाच्या काही पट्ट्यांच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो आणि त्याने त्वचा भाजू शकते. पट्टी काढावी का आणि नवी केव्हा लावावी, हे डॉक्टरांना विचारावे.

इम्प्लांटची माहिती कशी मिळवावी

शस्त्रक्रियेनंतर मिळणारे इम्प्लांट कार्ड हा सर्वांत भक्कम पुरावा. त्यावर कंपनी, मॉडेल, सीरियल किंवा बॅच क्रमांक आणि तारीख असते. अनेकदा खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर किंवा फायलीत चिकटवलेले असतात; तेही तितकेच उपयोगी.

कार्ड हरवले असेल तर पुढील मार्ग क्रमाने अवलंबावेत. प्रथम डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची नोंद शोधावी. ती नसेल तर रुग्णालयाच्या अभिलेख विभागात नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक देऊन प्रत मागावी. बिलही तपासावे: राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने 2017 मध्ये स्टेंट आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती ठरवताना रुग्णालयांनी बिलावर इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवून ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांकही लिहावा, असे बंधन घातले. त्यानंतरच्या शस्त्रक्रियांची बिले म्हणूनच जपून ठेवण्यासारखी असतात. मॉडेल कळले की त्यावरच्या अटी कंपनीच्या सूचनापुस्तिकेत सापडतात. हे काम रेडिओलॉजी केंद्र करते. काहीच हाती लागले नाही तर एक्स-रे काढून वस्तूचा प्रकार ओळखता येतो आणि अंतिम निर्णय रेडिओलॉजिस्ट चाचणीची निकड आणि धोका यांचा मेळ घालून घेतो.

चाचणीच्या दिवशी

प्रश्नावलीचा फॉर्म घाईने सही करून देण्याची वस्तू नाही. त्यात आजवरच्या सर्व शस्त्रक्रिया लिहाव्यात, लहानपणीच्यासुद्धा. वयस्कर रुग्णाचा फॉर्म त्याचा इतिहास ठाऊक असलेल्या नातेवाइकाने भरावा. रुग्ण बेशुद्ध असेल तर अंगावरील शस्त्रक्रियेचे व्रण आणि जुने एक्स-रे पाहावे लागतात.

मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, नथ, चमकी, बांगड्या, अंगठी, धातूचा करदोटा, ताईत हे सारे काढून ठेवावे. सोने-चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही, पण ती वीज वाहून नेते आणि तापू शकते. शिवाय फास आणि फिरक्या बऱ्याचदा स्टीलच्या असतात. साडीच्या पिना, केसांतले आकडे, ब्लाउजचे हुक, खिशातली नाणी, किल्ल्या, मोबाइल, घड्याळ आणि बँकेची कार्डे हेही बाहेर राहावे. केंद्राने दिलेला गाऊन घालणे सर्वांत सुरक्षित. सोबत आत जाणाऱ्यालाही हेच नियम लागू होतात. चाकाची खुर्ची, काठी, ऑक्सिजनचे सिलिंडर टेक्निशियनने परवानगी दिल्याशिवाय आत न्यायचे नाही.

यंत्रात झोपल्यावर हात एकमेकांत गुंतवू नयेत, पायांची अढी घालू नये आणि उघडी त्वचा बोगद्याच्या भिंतीला टेकू देऊ नये. त्वचेला त्वचा लागून बनलेल्या वेटोळ्यातही भाजण्याचे प्रकार घडतात. हातात दिलेला रबरी फुगा दाबला की टेक्निशियनला इशारा मिळतो. इम्प्लांटच्या जागी ऊब, टोचणे, ओढ किंवा दुखणे जाणवताच तो दाबावा. चाचणी वाया जाईल म्हणून सहन करत राहू नये. भूल दिलेल्या किंवा बोलू न शकणाऱ्या रुग्णाला हे सांगता येत नाही, म्हणून त्याच्याबाबतीत पूर्वतपासणी आणखी कडक असावी लागते.

एमआरआय शक्य नसेल तेव्हा

नकार मिळाला म्हणजे निदानाचा मार्ग संपला असे होत नाही. मेंदू, मणका आणि पोट यांसाठी सीटी स्कॅन, मज्जारज्जूसाठी सीटी मायलोग्राम, मऊ ऊतींसाठी सोनोग्राफी, कर्करोगासाठी पेट-सीटी असे पर्याय असतात. कोणता पर्याय घ्यावा, हे चाचणी लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारावे. दुसऱ्या ठिकाणी कमी प्रश्न विचारतात म्हणून इम्प्लांट लपवून तिथे चाचणी करून घेणे, हा पर्याय नव्हे. तसेच केंद्राने केवळ 'धातू आहे' एवढ्या कारणावरून परत पाठवले, तर इम्प्लांटचे मॉडेल सांगून ते कोणत्या गटात मोडते, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

ज्यांच्या शरीरात इम्प्लांट आहे त्यांनी कार्डाचा किंवा स्टिकरचा फोटो आजच मोबाइलमध्ये घ्यावा, एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी आणि एमआरआयची वेळ घेताना पहिल्याच फोनवर इम्प्लांटचा उल्लेख करावा. ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, त्यांनी कार्ड हातात घेतल्याशिवाय रुग्णालयातून घरी जाऊ नये.